कोंबड्या रात्री खुराड्यात जात नाहीत. अंगावर मात्र कीड दिसत नाही

प्रश्न – परसदार

आमच्या परसातील गावठी कोंबड्या अलीकडे संध्याकाळ झाली तरी लाकडी खुराड्यात शिरत नाहीत, कुंपणावर बसून राहतात. त्यांचे तुरे फिकट पडले आहेत, अंडी कमी झाली आहेत आणि काही अंड्यांच्या कवचावर बारीक तांबडे ठिपके दिसतात. दिवसा पिसे उलगडून पाहिली, पण ऊ किंवा गोचीड आढळली नाही. जंताचे औषध पाण्यातून दिले, त्यानेही फरक पडला नाही. आता अंगाला कीडनाशक पावडर लावावी का?

उत्तर – माळरान

पावडर लावण्यापूर्वी कीड राहते कुठे हे ठरवा, कारण सगळा उपाय त्यावरच अवलंबून आहे. आपण सांगितलेली लक्षणे लाल माइटची वाटतात. कोळ्याच्या वर्गातला हा अतिशय बारीक जीव रात्री कोंबडीचे रक्त शोषतो आणि पोट भरले की दांड्यांच्या टोकांशी, फळ्यांच्या सांध्यांत, अंडी घालण्याच्या खोक्याच्या तळाशी दडून बसतो. त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी तो सहसा सापडत नाही. चांगला अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा आणि दांड्यांची खालची बाजू पांढऱ्या कागदाने दाबून पुसा. कागदावर रक्ताचे डाग उमटले तर शंका उरणार नाही. त्याच वेळी फटींमध्ये चपट्या, तपकिरी गोचिडीही शोधा, कारण कोंबड्यांची गोचीडसुद्धा रात्रीच बाहेर पडते. तिची पिल्ले तेवढी काही दिवस पंखाखाली चिकटून राहतात. एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर तिला आधी पाहा. ती रात्रभर जागेवरून हलत नाही, त्यामुळे सर्वांत जास्त रक्त तिचेच जाते.

माइट सापडले तर औषध मुख्यतः खुराड्याला हवे. जुना तूस व पेंढा काढून दूर नेऊन जाळावा, दांडे सोडवून खरवडावेत, सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि लाकूड पूर्ण वाळल्यावर कुक्कुटगृहासाठी मान्यता असलेले कीडनाशक प्रत्येक फटीत पोहोचेल असे फवारावे. उबदार हवेत या किडीची पिढी सात ते दहा दिवसांत तयार होऊ शकते आणि बहुतेक फवारण्यांनी अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण आठवड्याने दुसरी फवारणी केलीच पाहिजे. खुराडे काही आठवडे रिकामे ठेवून कीड उपाशी मरेल ही आशा मात्र धरू नका. ती रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरते.

उत्तर – हिरवी पाऊलवाट

वरील उत्तराशी सहमत आहे. थोडी भर घालतो. ऊ सारे आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढते आणि गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी तिच्या अंड्यांचे पांढरट पुंजके दिसतात. अंगाची पावडर खरी उपयोगी पडते ती तिथे. पायांचे खवले उचललेले व खरखरीत दिसले तर ती पायाच्या खरजेची माइट असते. पाय कोमट साबणपाण्याने धुऊन त्यांवर व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे पुन्हा पुन्हा लावावा. शेतातील पिकांवर फवारायचे औषध मात्र कोंबड्यांवर किंवा खुराड्यात कधीही वापरू नये.

परसदार

मनःपूर्वक आभार. रात्री पाहिले तेव्हा दांडे जिथे भिंतीला टेकतात तिथे करड्या-लाल किड्यांचे थर होते. खुराड्याचे काम उद्याच सुरू करतो. दोन पिल्ले मलूल असून त्यांच्या विष्ठेत रक्त दिसते. तेही माइटमुळेच असेल का?

उत्तर – पशुसेवक

नाही, विष्ठेतील रक्त माइटमुळे येत नाही. पिल्लांमध्ये असे रक्त दिसले की आधी रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यावा. तो जंत नसून आतड्यातील एकपेशीय परजीवी आहे, त्यामुळे जंताच्या औषधाने तो हटत नाही. पिल्ले आजच वेगळी करा, ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियमसारखे औषध द्या; पिल्ले लवकर दगावतात, म्हणून तपासणीसाठी दिवस घालवू नका. ऊब आणि ओल मिळाली की विष्ठेतून पडलेला हा परजीवी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतो. म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचा भिजलेला तूस रोज काढावा आणि भांडे पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावे, म्हणजे पाणी सांडत नाही व त्यात विष्ठाही पडत नाही.

आपण जंतांसाठी पायपरॅझिन दिले असेल तर ते मुख्यतः मोठ्या गोल जंतांवर चालते. पट्टकृमींवर त्याचा उपयोग होत नाही. त्यामुळे मोठ्या कोंबड्यांची विष्ठाही याच वेळी तपासून घ्या. कोणतेही औषध दिल्यानंतर अंडी किती दिवस खाऊ नयेत हे वेष्टनावर पाहा आणि तेवढे दिवस ती कोणालाही देऊ नका.