लांडग्यांसाठी रेबीजची लस मटणात घालून ठेवली तर?

माळरानकर: सासवड-जेजुरीकडच्या माळावर लांडगे आणि मोकाट कुत्री एकाच मढ्यावर येतात. लांडगा पकडून टोचणं अवघड. कुत्र्यांना टोचतात तीच रेबीजची लस मटणाच्या तुकड्यात भरली तर चालेल का?

सुई_सिरिंज: नाही. ती लस मेलेल्या विषाणूची. पोटात पचून जाईल, मटण तेवढं फुकट. तोंडावाटे द्यायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि ती तोंडातल्या अस्तरावर, टॉन्सिलवर लागावी लागते. म्हणून पातळ लसीची पुडी आमिषात ठेवतात. प्राण्याने ती चावून फोडली तरच उपयोग. तुकडा लहान झाला तर जनावर आख्खा गिळतं, पुडी तशीच खाली जाते. स्वित्झर्लंडने १९७८मध्ये कोल्ह्यांसाठी कोंबडीची मुंडकी निवडली. ती चावावीच लागतात. आमिषात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविकही खूण म्हणून घालतात. ते दातांत साठतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. पण दात चमकला म्हणजे आमिष खाल्लं, एवढंच. लस लागली का, ते रक्तातल्या अँटीबॉडी सांगतात.

खोकड: त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये माळावर पडलेल्या आमिषाचं आवरण वितळतं, आतला विषाणूही टिकत नाही. शिवाय लांडग्याआधी कुत्री आणि रानडुकरं ते फस्त करणार. इथिओपियात बकरीच्या मटणातून लांडग्यांना लस दिली आहे, पण ती खास तोंडावाटे द्यायची. आणि लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहे, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

माळरानकर: आणि डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा तो दुसरा जीवघेणा विषाणूजन्य आजार? कुत्र्याच्या पिल्लांना देतात ती त्याची जिवंत लस?

सुई_सिरिंज: ती तर मुळीच नको. कुत्र्यात दुबळा असलेला विषाणू दुसऱ्या जातीत दुबळा राहीलच असं नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात काळ्या पायांचे फेरेट (मुंगसासारखा छोटा प्राणी) अशाच जिवंत लसीने डिस्टेंपर होऊन मेले. २०१८मध्ये गीरच्या सिंहांसाठी परदेशातून लस मागवली ती म्हणूनच वेगळी होती: कॅनरीपॉक्स या पक्ष्यांच्या विषाणूवर डिस्टेंपरचे फक्त काही जीन बसवलेली. डिस्टेंपरचा अख्खा विषाणूच नसल्याने आजार होण्याचा प्रश्न नाही.

खोकड: तुमच्या हातात आहेत ती कुत्री. वाड्या-वस्त्या आणि मेंढवाड्यांवरची ७० टक्के कुत्री दरवर्षी टोचली तर रेबीजची साखळी तुटते. डिस्टेंपरचं तसं नाही. टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्याभोवती कुत्री टोचूनही तो सिंहांत येत राहिला. रेबीजची लस २ ते ८ अंशांत ठेवा, पण बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवू नका. गोठलेली बाटली फेकून द्यायची, वितळवून वापरायची नाही.