मदत हवी आहे: ओएसआरएमला दाभोळची फेरीबोट दिसत नाही

नमस्कार मंडळी. गावातल्या रुग्णवाहिकेसाठी दापोलीच्या संगणकावर ओएसआरएम (ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरून रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर) बसवलंय. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाच्या नकाशाची पीबीएफ फाइल घेतली. एक्स्ट्रॅक्ट, पार्टिशन, कस्टमाइझ या तयारीच्या तिन्ही पायऱ्या नीट झाल्या, ५००० पोर्टवर उत्तरंही येतात.

अडचण खाडीची आहे. दापोलीहून गुहागर विचारलं की दाभोळ-धोपावे फेरीबोट सोडून ते थेट चिपळूणचा वळसा दाखवतं. कार.लुआ या मोटारीच्या प्रोफाइलमध्ये (वेग आणि नियमांची फाइल) फेरीचा वेग ताशी ५ किमी धरलाय, पण तेवढ्या वेगानंही खाडी वळशाच्या कितीतरी आधी पार होते. म्हणजे दोष वेगाचा नसावा. फेरीच्या रेषेचं टोक जेटीवरच्या रस्त्याच्या नोडला (नकाशातल्या बिंदूला) जुळलेलं नसेल का? की मोटार नेण्याची परवानगी देणारा टॅग (नकाशातली नोंद) राहिलाय? जोसम या नकाशा संपादकात हे नेमकं कसं तपासायचं?

दुसरं, फेरी बंद असेल तेव्हा विनंतीत 'एक्सक्लूड=फेरी' देऊन ती वगळणार आहे. मात्र दिवसा जेटीवर थांबण्याचा वेळ कुठे धरायचा? ड्युरेशन टॅगमध्ये (फेरीला लागणाऱ्या वेळेची नोंद) तो मिसळणं मला पटत नाही, नकाशा सगळ्यांचा आहे. प्रोफाइलमध्येच करता येईल का? पेशंट गाडीत असताना चुकीचा अंदाज देऊन चालणार नाही. जयगड-तवसाळ किंवा दिघी-आगरदांडा फेरी कोणी जुळवली असेल तर कृपया सांगा.