अनुभव : नुसतं विचारून खोटं बोलता येतं काय?

गंगावेशकरीण
सहावीत ताईचं शाईपेन गुपचूप शाळेला नेलं आणि हरवलं. संध्याकाळी ती रडवेली होऊन घरभर शोधत होती. मीही गादीखाली हात घालत विचारलं, ‘ताई, शेवटचं कुठं ठेवलंवतंस गं?’ एक शब्द खोटा नव्हता, पण मला माहीत नाही हे तिला त्यातनंच पटवलं. काल भाचीनं त्याच सुरात ‘आई, चार्जर कुठाय?’ विचारलं, चार्जर तिच्याच दप्तरात. पोटात कसंसंच झालं. ताईला अजून सांगितलेलं नाही. तुमचं असं काही असेल तर लिहा.

नदीकाठ
२०१९चा कोल्हापूरचा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. हायवे बंद, लाईट नाही. ग्रुपवर एकानं टाकलं, ‘राधानगरी धरण फुटलं म्हणे, खरं काय?’ आमची म्हातारी माणसं रात्री भिजत वरच्या गल्लीला गेली. जाब विचारला तर म्हणतो, मी कुठं सांगितलं, नुसतं विचारलं. अजून राग जात नाही माझा.

पाटाचं पाणी
राधानगरीचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी चढलं की आपोआप उघडतात. लोक ‘उघडले’चं ‘फुटलं’ करतात. दर पावसाळ्यात हेच.

काळा कोट
कोर्टात याला सूचक प्रश्न म्हणतात. सरतपासणीत आपल्याच साक्षीदाराला ‘त्याच्या हातात कोयता होता ना?’ विचारलं की समोरचा हरकत घेतो. उत्तर प्रश्नातच भरलेलं असतं. उलटतपासणीत मात्र चालतं.

शाहूपुरी४
वकीलसाहेब, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापास्नं मुंबईच्या खेपा वाचल्या काय हो?

काळा कोट
ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच. पक्षकारांचा रात्रीचा प्रवास वाचला, ते मोठं.

जास्वंद
वडिलांना डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. तरी रोज दिवेलागणीला आईला विचारायचे, ‘आला काय गं रिपोर्ट?’ ती म्हणायची, ‘अजून नाही.’ तिलाही ठाऊक होतं. दोन महिने असंच. ते गेल्यावर फाईल तिच्याच साड्यांखाली सापडली. याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नदीकाठ
ताई 🙏

शाहूपुरी४
कुकर लावून आले, परत वाचलं. आई कशा आहेत आता?

जास्वंद
बऱ्या आहेत. गुडघे तेवढे दुखतात.

गंगावेशकरीण
आत्ता ताईला फोन लावला. ‘आज कशी काय आठवण?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘सहज. जेवलीस काय?’

जास्वंद
परत लावा.