एअर डेक्कन नेमकी बंद कधी पडली? आणि कशामुळे?

कालक्रम_शोधतोय

दिवाळी अंकातल्या एका लेखासाठी एअर डेक्कनचा कालक्रम लावतोय. बंद पडल्याचं वर्ष प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. कुठे २००७, कुठे २००८, कुठे २०११ आणि एका ठिकाणी चक्क २०२०. यातलं बरोबर कुठलं?

दुसरं म्हणजे, विमानं भरून जात होती असं सगळेच लिहितात. मग तोटा कसा झाला? 'तिकिटं फार स्वस्त होती' एवढ्या उत्तराने संपादकांचं समाधान होणार नाही.

तिसरं, महाराष्ट्राचा संबंध फक्त आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनपुरताच (तो कंपनीचा मॅस्कॉट होता) की आणखी काही आहे?

---

एटीआर_प्रेमी

चारही वर्षं आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रत्येक वर्षी वेगळी गोष्ट बंद झाली, म्हणून घोळ होतो.

कॅप्टन जी. आर. गोपीनाथ यांची मूळ कंपनी डेक्कन एव्हिएशन. ती हेलिकॉप्टर भाड्याने देण्याच्या धंद्यात होती. तिनेच ऑगस्ट २००३ मध्ये बंगळूरहून 'एअर डेक्कन' नावाने नियमित विमानसेवा सुरू केली. भारतातली ही पहिली लो-कॉस्ट एअरलाइन. सुरुवात ४८ आसनी एटीआर ४२ ने (पंख्याचं छोटं विमान) झाली, २००४ पासून एअरबस ए३२० (मोठं जेट) आली, पुढे एटीआर ७२ आली. भरात असताना चाळीसेक विमानं आणि साठच्या वर शहरं होती. शेअरबाजारात उतरली मे २००६ मध्ये, नेमकी बाजार कोसळत असताना. मागणी येईना म्हणून मुदत वाढवावी लागली, किंमतपट्टा खाली आणावा लागला, आणि शेवटी १४८ रुपयांना शेअर दिले गेले.

२००७ च्या मध्यावर किंगफिशरच्या यूबी समूहाने २६ टक्के हिस्सा शेअरला १५५ रुपये दराने, साधारण ५५० कोटींना घेतला. त्यानंतर खुल्या ऑफरने तो वाढवला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात नाव 'सिम्प्लिफ्लाय डेक्कन' झालं आणि शेपटीवर किंगफिशरचा पक्षी आला. म्हणजे २००७ साली मालकी गेली. ऑगस्ट २००८ मध्ये 'किंगफिशर रेड' झाली, तेव्हा नाव गेलं. २८ सप्टेंबर २०११ ला 'रेड' बंद करत असल्याची घोषणा झाली, तेव्हा स्वस्त सेवा गेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये अख्खी किंगफिशरच जमिनीवर आली.

२०२० ची गोष्ट वेगळ्या कंपनीची. नाव एअर डेक्कन, चालवणारी डेक्कन चार्टर्स, योजना 'उडान' (छोटी गावं विमानसेवेने जोडायची सरकारी योजना). ती एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत थांबली.

लेखात एकच वर्ष द्यायचं असेल तर २००८ द्या. पण 'बंद पडली' ऐवजी 'किंगफिशरमध्ये विलीन झाली' असं लिहा.

---

बॅलन्सशीट_बंडू

वरच्या 'विलीन झाली' मध्ये एक गंमत आहे, ती लेखात यायलाच हवी. कागदोपत्री डेक्कन किंगफिशरमध्ये गेलीच नाही. किंगफिशर डेक्कनमध्ये गेली. डिसेंबर २००७ मध्ये तसं ठरलं. डेक्कन एव्हिएशन लिमिटेड ही नोंदणीकृत कंपनी तशीच राहिली, विमानसेवा तिच्यात एकत्र झाल्या, चार्टर-हेलिकॉप्टरचा भाग वेगळा काढला गेला आणि मग या कंपनीचंच नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स लिमिटेड केलं गेलं. ज्यांच्याकडे १४८ रुपयांचे डेक्कनचे शेअर होते, त्यांच्या डीमॅट खात्यात ते पुढे किंगफिशरच्या नावाने दिसू लागले.

असा उलटा घास का? एक कारण, डेक्कन आधीच शेअरबाजारात होती. दुसरं कारण मोठं, ते म्हणजे '५/२०' चा नियम. परदेशी उड्डाणासाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षं आणि ताफ्यात २० विमानं लागत. किंगफिशर मे २००५ मध्ये सुरू झालेली, म्हणजे तिला मे २०१० पर्यंत थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. बंगळूर–लंडन हे पहिलं उड्डाण ३ सप्टेंबर २००८ चं. तारखा शेजारी ठेवल्या की हिशोब उघड होतो. (हा नियम २०१६ मध्ये शिथिल झाला, पाच वर्षांची अट गेली.)

माझ्या मते मल्ल्यांनी विकत घेतला तो डेक्कनचा जन्मदाखला. छोट्या गावांचं जाळं त्याच्याबरोबर आलं, आणि त्याचं काय करायचं हे नव्या मालकाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

---

एटीआर_प्रेमी

@बॅलन्सशीट_बंडू, मान्य. 'विलीन' हा शब्द ब्रँडपुरता घ्यावा.

---

हँगर_नं_३

तोट्याबद्दल. जून २००६ ला संपलेल्या पंधरा महिन्यांत सुमारे ३४० कोटींचा तोटा दाखवला होता. तो एका कारणाने झालेला नाही, पण माझ्या दृष्टीने मूळ एकच आहे. डेक्कन एका छपराखाली दोन एअरलाइन चालवत होती.

पहिली एटीआरची. या विमानाला सवलती होत्या. ४० टनांखालच्या विमानाला नियमित सेवेसाठी दिलेलं एटीएफ (विमानाचं इंधन) केंद्रीय विक्रीकर कायद्यात तेव्हा 'घोषित माल' ठरे, त्यामुळे राज्याचा कर ४ टक्क्यांवर अडवलेला. ए३२० ला तेच इंधन भरताना काही राज्यांत २५ ते ३० टक्के कर पडे. ८० आसनांखालच्या विमानांना लँडिंग शुल्कही माफ. एटीआर ७२ तासाला साधारण ६५०-७०० किलो इंधन खाते, ए३२० चोवीसशेच्या आसपास. तीनशे किलोमीटरच्या पल्ल्यावर एटीआरला दहा-पंधरा मिनिटंच जास्त लागतात. शिवाय अशा गावांत दुसरी कंपनी नसे, म्हणून भाडं थोडं चढं ठेवता येई.

दुसरी ए३२० ची. १८० आसनं, मुंबई–दिल्ली–बंगळूर असे मोठे मार्ग. २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो याच मार्गांवर उतरल्या. तिथे भाडं ठरवणं डेक्कनच्या हातात उरलं नाही. मोठ्या मार्गांवरची भाडी खर्चाच्या खाली गेली आणि एटीआरने मिळवलेलं तिकडे वाहून गेलं.

दोन जातींची विमानं ठेवण्याचा छुपा खर्च बाहेरून दिसत नाही. एटीआरचा वैमानिक ए३२० वर बसवता येत नाही, त्यामुळे राखीव क्रू दोन्हीकडे वेगळा ठेवावा लागतो. सिम्युलेटर वेगळा, इंजिनिअरचं लायसन्स वेगळं. बरं, एटीआरही एकाच जातीच्या नव्हत्या. ४२-३२० ला पीडब्ल्यू१२१ इंजिन आणि चार पात्यांचा पंखा. ४२-५०० आणि ७२-५०० ला पीडब्ल्यू१२७ मालिकेचं इंजिन आणि सहा पात्यांचा पंखा. म्हणजे सुट्या भागांचे साठेही वेगळे.

मग व्हायचं असं. एटीआर दिवसाला सात-आठ छोट्या फेऱ्या करते. सकाळी लहान गावात बिघाड होऊन विमान अडकलं (आमच्या भाषेत 'एओजी') तर तिथे सुटा भागही नसतो आणि सही करणारा इंजिनिअरही नसतो. दोन्ही मोठ्या तळावरून येईपर्यंत त्या विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्या कोसळतात. राखीव विमान ठेवलं तर खर्च, न ठेवलं तर रद्द फेऱ्या. डेक्कनने बहुतेक वेळा दुसरा रस्ता धरला आणि वक्तशीरपणाचं नाव गेलं. रद्द फेरीच्या भरपाईचे डीजीसीएचे (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियम २०१० मध्ये आले, त्यामुळे त्या काळात प्रवाशाच्या हाती परताव्यापलीकडे फारसं काही पडत नसे.

---

कालक्रम_शोधतोय

हे तर लेखापेक्षा जास्त झालं! एक उपप्रश्न. एक रुपयाचं तिकीट खरंच एक रुपयात मिळायचं का?

---

बॅलन्सशीट_बंडू

मूळ भाडं एक रुपया. त्यावर दोनशे-सव्वादोनशे रुपयांचं प्रवासी सेवा शुल्क, आणि २००६ नंतर इंधन अधिभार. सेवा शुल्क विमानतळाच्या वाट्याचं, त्यामुळे अधिभार येण्याआधी त्या आसनावर कंपनीला खरोखरच एक रुपया उरे. अशी आसनं फेरीमागे मोजकी असत आणि बरीच आधी उघडत. ती संपली की पुढचा टप्पा, मग त्यापुढचा, आणि शेवटच्या दोन दिवसांत भाडं पूर्ण-सेवा कंपनीच्या जवळपास पोचे. आज सगळेच असं करतात. तेव्हा भारतात ते नवं होतं, म्हणून शेजारच्या आसनावरच्या माणसाचं भाडं ऐकून लोक चिडत.

विमान भरणं आणि पैसे मिळणं वेगवेगळं असतं, हे संपादकांना एका उदाहरणाने सांगा. १८० पैकी १४४ आसनं भरली, म्हणजे लोड फॅक्टर ८० टक्के. सरासरी १,५०० रुपये मिळाले तर फेरीची कमाई २ लाख १६ हजार. खर्च ३ लाख असेल तर सगळी १८० आसनं भरूनही २ लाख ७० हजारच होतात. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत, डेक्कनचे नाहीत.) त्यातच २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. पण तोवर डेक्कन विकली गेली होती, तेव्हा तिच्या तोट्याचं खापर तेलाच्या त्या भडक्यावर फोडू नका.

---

ओझर_धावपट्टी

महाराष्ट्राचा भाग मी सांगतो. कॉमन मॅनच्या बराच पुढे जातो तो.

कोल्हापूर आधी घ्या. मुंबई–कोल्हापूर ही डेक्कनची एटीआर फेरी पुढे किंगफिशरच्या नावाने चालली आणि २०११ च्या अखेरीस थांबली. तेव्हाची उजळाईवाडीची धावपट्टी १,३७० मीटर. पूर्ण वजनाच्या एटीआर ७२-५०० ला समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात सुमारे १,३०० मीटर लागतात. कोल्हापूर सहाशे मीटर उंचीवर आणि एप्रिलमध्ये पारा पस्तिशीच्या वर. हवा विरळ, म्हणून पळावं लागतं जास्त. उपाय एकच, वजन कमी करायचं. त्याला लोड पेनल्टी म्हणतात. म्हणजे तिकिटाला मागणी असूनही काही आसनं रिकामी सोडायची किंवा सामान मागे ठेवायचं. त्यात तेव्हा रात्री उतरण्याची सोय नव्हती आणि नजरेच्या भरवशावर उतरायचं तर ५ किलोमीटर दृश्यमानता हवी. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात ती कितीदा मिळते ते कोल्हापूरकरांना विचारा. विमान वर येऊन घिरट्या घालून मुंबईला परत गेलं की इंधन दुप्पट जळतं आणि वर तिकिटाचा परतावा.

दुसऱ्या जन्मातलं पहिलं उड्डाण तर मुंबई–जळगावच, २३ डिसेंबर २०१७ ला. सोबत नाशिक, २०१८ मध्ये कोल्हापूर. विमान बीचक्राफ्ट १९००डी, एकोणीस आसनांच्या वर्गातलं. 'उडान'मध्ये निम्मी आसनं ठरलेल्या भाड्याने विकायची (तासाभराच्या उड्डाणाला सुमारे २,५०० रुपये), तूट भरायला सरकार व्यवहार्यता निधी देणार आणि मार्गावर तीन वर्षं मक्तेदारी. बहुतेक राज्यांनी या निधीतला २० टक्के वाटा उचलायचा. कागदावर छान.

अडलं मुंबईत. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासाला तेव्हा साधारण ४६ उड्डाणं-अवतरणं. स्लॉट (उडण्या-उतरण्याची ठरवून दिलेली वेळ) अठरा जणांच्या विमानाला जेवढा लागतो तेवढाच १८० जणांच्या विमानाला. उलट छोटं विमान हळू येतं, त्यामुळे मागच्या जेटला जास्त अंतर ठेवावं लागतं. विमानतळाने सोयीचा स्लॉट का द्यावा? सेवा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला तो याच ओढाताणीमुळे. नाशिककराला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असतं. तशी वेळ मिळाली नाही, तर तो रस्त्याने चार तासांत जातो किंवा पंचवटीने. ओझरला तीन किलोमीटरची धावपट्टी आहे, जळगावची १,७०० मीटर. म्हणजे या वेळी गावाकडची बाजू ठीक होती, मुंबईची बाजू नव्हती. विमानं इतकी थोडी की एक दुरुस्तीला गेलं की फेऱ्या आठवडेच्या आठवडे रद्द.

आणि नागपूर विसरू नका. एअर डेक्कन विकल्यावर गोपीनाथांनी २००९ मध्ये 'डेक्कन ३६०' ही मालवाहू सेवा काढली, तिचं हब नागपूर. रात्री सगळीकडून ए३१० मालवाहू विमानं नागपुरात आणायची, माल अदलाबदल करून पहाटे परत पाठवायचा. देशाचा मध्य म्हणून जागा अचूक होती, पण एवढ्या मोठ्या विमानाला रोज दोन्ही दिशांना माल मिळायला हवा. २०११ मध्ये तीही थांबली.

---

कालक्रम_शोधतोय

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. अंकासाठी कोल्हापूर विमानतळावरचा एक जुना फोटो मिळालाय, तारीख नाही. मथळ्यात 'एअर डेक्कनचं एटीआर ४२' लिहिलं तर चालेल का?

---

हँगर_नं_३

आधी तपासा. पंख्याची पाती मोजा. चार असतील तर ४२-३२०, नक्की. सहा असतील तर ४२-५०० किंवा ७२-५००. त्यासाठी लांबी बघा, ४२ साधारण २३ मीटर आणि ७२ सत्तावीस मीटर. फोटो तिरका असेल तर खिडक्या मोजणं सोपं. चढण्याचं दार दोन्हींना मागेच असतं, त्यावरून काही ठरत नाही.

सालासाठी शेपटी बघा. दोन तळहात जुळवून केलेला पक्षी असेल तर २००७ च्या आधीची रंगसंगती. लाल रंग आणि किंगफिशरचा पक्षी असेल तर २००७ चा उत्तरार्ध किंवा त्यानंतर. रंगवायला विमानं एकेक करून जात, त्यामुळे मधल्या काही महिन्यांत दोन्ही रंगांची विमानं उडत होती. तेव्हा फक्त रंगावरून महिना लिहू नका. मागच्या भागावरचं व्हीटी- ने सुरू होणारं नोंदणी चिन्ह वाचता येत असेल तर ते इथे टाका, विमान कधीपासून कधीपर्यंत ताफ्यात होतं ते त्यावरून शोधता येतं.