राखमिश्रित सिमेंट आणि पाणी मारण्याचे दिवस
औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेले पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंट कमजोर असते, असे मत घरबांधणीच्या चर्चेत मांडले जाते; ते मला पटत नाही. त्याचे बळ उशिरा येते, एवढेच खरे. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयोग पावते आणि काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे भरत जाते. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हा मोठाच गुण आहे. अशा चर्चेत राहून जाते ते काँक्रीट ओले ठेवण्यासाठी पाणी मारण्याचे. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार ओपीसीला, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटला, किमान ७, तर अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस सतत ओलावा हवा, आणि कोरड्या, उष्ण हवेत हेच आकडे १० व १४ होतात. विदर्भातल्या मे महिन्यात आठवड्यातच पाणी थांबवले, तर राखेची ही क्रिया अर्धवटच राहते.