सय्याबला ‘वृत्त झुगारणारा कवी’ म्हणणं थांबवा

वाकडी_ओळ (धागाकर्ता):
‘सय्याब: अरबी मुक्तछंदाचा जनक’ हा लेख वाचला आणि राहवेना. लेखात म्हटलंय की इराकी कवी बद्र शाकिर अस्सय्याबने अरबी वृत्तं झुगारली, इराकी कवयित्री नाझिक अल्-मलाइका त्याच्या मागून आली आणि ‘उन्शूदतुल मतर’ (पावसाचं गाणं, 1954) ही सुंदर निसर्गकविता आहे. एकही विधान टिकत नाही.

आधी वृत्ताचं. जुन्या कसीद्यात, म्हणजे पारंपरिक दीर्घ कवितेत, प्रत्येक बैताचे (ओळीचे) दोन समान अर्ध असतात, दर अर्धात गणांची, म्हणजे लघू-गुरूंच्या गटांची, संख्या ठरलेली आणि शेवटपर्यंत एकच यमक. सय्याब-नाझिक पिढीने गण तसाच ठेवला, ओळीत किती गण घ्यायचे तेवढं मोकळं केलं. आपल्या मनाच्या श्लोकात लगागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू) चार वेळा येतो. तोच लगागा एका ओळीत दोनदा, पुढच्या ओळीत पाचदा घ्या, म्हणजे कल्पना येईल. याला वृत्त झुगारणं म्हणत नाहीत.

हीच कविता घ्या. पहिली ओळ: ऐनाक गा | बता नखी | लिन साअतस् | सहर. म्हणजे गागालगा, लगालगा, गागालगा, लगा. हे रजझ वृत्त. दुसऱ्या गणात पहिला गुरू लघू झालाय, ती सूट अरबीत जुनीच आहे. पुढे ‘उन्शूदतुल मतर’ या ओळीत एकच गागालगा आणि शेपटाला लगा. त्यानंतर गण गळून पडतो, नुसता लगा उरतो आणि तो तीन ओळींत तीनदा येतो: मतर, मतर, मतर. पहिल्या ओळीच्या शेपटातला ठोकाच पुढे पाऊस होऊन येतो. वृत्त नसतं तर हे घडलंच नसतं.

बसऱ्याचा_वारा:
लेख माझा आहे, म्हणून उत्तर देतो. या रचनेचं अरबी नाव ‘अश्शिअर अल्-हुर्र’, त्याचा शब्दशः अर्थ मुक्त कविताच होतो, मी काही नवीन नाव शोधलेलं नाही. लगावलीचा तास घेऊन सामान्य वाचकाला काय मिळणार? त्याला कवी कळायला हवा: 1926 साली बसऱ्याच्या दक्षिणेला जैकूर गावात जन्म, सहाव्या वर्षी आई गेली, बुवैब नावाचा ओहोळ कवितेत नदी होऊन आला, 24 डिसेंबर 1964 ला कुवेतच्या इस्पितळात मृत्यू. माणूस बाजूला ठेवून मात्रा मोजायच्या, याला मी रसग्रहण म्हणत नाही.

दजला_फुरात:
माणूस हवा ना? मग नाझिकही माणूसच आहे. तिची ‘अल्-कुलीरा’ 27 ऑक्टोबर 1947 ची, इजिप्तमधल्या कॉलऱ्यावरची, आणि ती त्याच डिसेंबरात बैरूतच्या मासिकात छापून आली. सय्याबच्या ‘हल काना हुब्बन’खाली 29 नोव्हेंबर 1946 ही तारीख आहे, पण ज्या संग्रहात ती आली तो ‘अझहार झाबिला’ही डिसेंबर 1947 चाच. छापील पुराव्यावर दोघं बरोबरीत आहेत. शिवाय ‘शझाया व रमाद’ (1949) या तिच्या कवितासंग्रहाची प्रस्तावना आणि 1962 चं समीक्षेचं पुस्तक, या दोन्हींत नव्या रचनेचे नियम नाझिकने मांडले. बाईने शास्त्र मांडायचं आणि ‘जनक’ मात्र पुरुष, हे फार झालं.

वाकडी_ओळ:
मान्य. पण मग त्या दोघांच्या आधीचा अरबी लेखक अली अहमद बाकथीरही घ्या. त्याने ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चं भाषांतर 1936 मध्येच या रीतीने केलं होतं आणि सय्याबने स्वतः त्याला श्रेय दिलंय. नाझिकनेही पुढच्या आवृत्तीत आधीचे प्रयोग कबूल केले. ‘जनक’ हा शब्दच काढा.

खारीक:
तुमचं पहिलं-दुसरं चालू द्या, मला मराठी भाषांतरांबद्दल बोलायचंय. इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरात या कवितेत ‘मृगाच्या सरी’ आणि मातीचा वास घुसवलेला वाचलाय. बसऱ्याचा पाऊस हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते मार्च. तो थंड असतो आणि कवितेत तो आईविना झोपलेल्या मुलाशी, स्थलांतरितांशी, भुकेशी बांधलेला आहे. दरवर्षी जमीन हिरवी होते आणि तरी इराक उपाशी राहतो, हे त्या कवितेचं म्हणणं. निसर्गकविता कसली?

आणखी एक जागा. कवी आखाताला हाक मारतो: मोती, शिंपले आणि मरण देणाऱ्या! प्रतिध्वनी परत येतो तेव्हा त्यात फक्त शिंपले आणि मरण असतं, मोती नसतात. भाषांतरकाराला वाटतं शब्द राहून गेला, म्हणून तो मोती परत घालतो. कवितेचा कणाच मोडतो तिथे.

बसऱ्याचा_वारा:
‘निसर्गकविता’ हा शब्द मागे घेतो, मोत्यांचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. पण 1959 ची ‘मी कम्युनिस्ट होतो’ ही लेखमाला कुणी काढत नाही. आधी पक्षात, मग जुन्या सोबत्यांवर जाहीर चिखलफेक, मग 1961 ला रोमच्या साहित्य परिषदेत. हे झाकून कवीची थोरवी गाता येणार नाही.

दजला_फुरात:
झाकतंय कोण? रोमची परिषद ज्या संस्थेची होती तिच्यामागचा अमेरिकन पैसा उघड झाला तो सय्याब गेल्यानंतर. त्याला दोष द्यायचा तर लेखमालेचा द्या, तो योग्य आहे. पुढे माहीत झालेल्या गोष्टी मागे नेऊन त्याच्या माथी मारू नका, ही लबाडी आहे.

बसऱ्याचा_वारा:
लबाडी हा शब्द मागे घ्या. रोमपुरतं तुमचं बरोबर, लेखमालेबद्दल माझं बरोबर.

दजला_फुरात:
शब्द मागे. लेखमालेचं मान्य.

खारीक:
आता कामाचं बोलू. ‘मतर’ला मराठीत काय घ्यायचं? ‘पाऊस’ गागाल होतो, ठोका उलटा पडतो. लगा हवा.

वाकडी_ओळ:
‘सरी’ लगा आहे.

खारीक:
आहे, पण सरी म्हटलं की श्रावणातलं ऊन येतं. ‘झडी’ घ्या. तीही लगा, आणि थांबता न थांबणारी. अडचण यमकाची आहे: सहर, कमर, शजर, मतर हे सगळं ‘अर’वर चालतं. पहिल्या ओळीला ‘प्रहर’ मिळतो, शेवटचे दोन लघू मिळून एक गुरू धरला तर लगाही होतो. पण त्याला ‘झडी’ जुळत नाही.

वाकडी_ओळ:
मग यमक सोडा, ठोका धरा. झडी, झडी, झडी. ओळी मात्र तीन वेगळ्याच ठेवा, एका ओळीत कोंबू नका.