मदत हवी आहे: दोन्ही मुलं ऑटिस्टिक, पण एकाला जे लागतं ते दुसरीला सोसत नाही

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचकेमध्ये राहतो. लेक 11 वर्षांची, मुलगा 6 वर्षांचा. दोघंही ऑटिस्टिक आहेत. ज्यांच्या घरी अशी दोन मुलं आहेत, त्यांच्याशी बोलायचंय.

धाकटा बोलत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो अ‍ॅप टॅबवर मराठीत लावलंय, त्यातून हवं-नको सांगतो. दिवसभर उड्या, झोका आणि घशातून एक लांब 'ऊंऽऽ'. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडम म्हणतात, हा आवाज त्याला शांत ठेवतो, थांबवू नका. अडवलंच तर तो स्वतःच्या हाताला चावतो.

मोठी भरभरून बोलते. पीएमपीच्या बसचे मार्ग तिला थांब्यांसकट पाठ आहेत. शाळेत हुशार आणि शांत म्हणून नाव आहे. तिथे दिवसभर सगळं दाबून ठेवते, इतर मुली हसल्या की बघून हसते, आणि घरी येऊन दप्तर टाकलं की बांध फुटतो. तिचं निदान भावाच्या नंतर झालं. मुली असं लपवून नेतात म्हणून त्यांचं बऱ्याचदा उशिरा कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. नातेवाईक मात्र अजून म्हणतात, "धाकट्याचं समजू शकतो, हिला काय झालंय? लाड आहेत नुसते." हे तिच्यासमोर बोलतात, याचा मला फार त्रास होतो.

कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी ही मुलगी. ती शाळेतून दमून येते आणि नेमका तेव्हाच त्याचा 'ऊंऽऽ' टिपेला असतो. हेडफोन आहेत, पण कानांवरचा दाब तिला फार वेळ चालत नाही. मग ती किंचाळते, तो घाबरतो, त्याचा आवाज आणखी चढतो. यात चूक दोघांचीही नाही. कोणाला आवरायचं?

आता नदीपात्रात ढोल पथकांचे सराव सुरू होतील. ढोल ऐकला की धाकटा गॅलरीत जाऊन अख्ख्या अंगाने डोलतो, इतका खूश तो एरवी नसतो. मोठी म्हणते, "आई, ढोल माझ्या पोटात वाजतो." गणपतीत तिला मावशीकडे ठेवावं म्हटलं, तर विचारते, "घर सोडून मीच का जायचं?" तिचं बरोबरच आहे.

तुम्ही संध्याकाळी घर कसं वाटून देता? खोल्या वेगळ्या, की वेळा वेगळ्या? भाड्याच्या घरात दारं-खिडक्यांचा आवाज कमी करायला काही केलंय का?

दुसरं, धाकट्याचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. मोठीसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढावं का? दहावीला जादा वेळ मिळायला उपयोग होईल, पण तपासणीत ती इतकं नीट बोलेल की दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 च्या खाली लागेल, अशी भीती वाटते. बोलक्या मुलांच्या पालकांना काय अनुभव आला?

आणि परवा तिने विचारलं, "मी पण त्याच्यासारखीच आहे का?" तिला ऑटिझम हा शब्द माहीत आहे, पण भावाकडे बघून ती घाबरते. तुम्ही मोठ्या भावंडाला हे कोणत्या शब्दांत सांगितलंत?

'बरं करायचे' उपाय, पथ्यं, स्टेम सेल वगैरे कृपया सुचवू नका. धायरी, वडगाव, कोथरूडकडचं कोणी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, प्रत्यक्ष भेटायलाही आवडेल.